बंद दारापुढची नावं

मेहेरगानचा सण चार दिवसांवर आला आणि गावात नावं पुकारणारा उरला नाही. तीरंदाज म्हाताऱ्याचा घसा बसला तो कायमचाच. चाळीस वर्षं त्यानं दारोदारी उभं राहून त्या त्या घरातल्या मेलेल्यांची नावं पुकारली होती. डफांच्याही वर त्याचा आवाज जायचा. आता त्याला पाणी हवं असलं तरी बायकोला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे. मग खुरमनबानूनं आपल्या बहिणीच्या मुलाला, नामदारला, यज्द शहरातून बोलावून घेतलं. नामदार निवृत्त शाळामास्तर. आवाज खणखणीत, पण गावातलं एक नाव धड ठाऊक असेल तर शपथ. तो येताना वही घेऊन आला.

खुरमनला वही बघूनच राग आला. नावं तोंडात असावीत, कागदात ठेवली की उंदीर खातात, असं तिनं त्याला ऐकवलं. स्वतः ती दोन इयत्ता शिकलेली. सही करता येई आणि आपलं नाव कुठं लिहिलेलं असलं तर ओळखता येई, एवढंच. पण रागावून भागणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. गावात त्रेपन्न दारं, त्यातली अकरा उघडी. बाकीच्यांना कुलपं. कुणी तेहरानला, कुणी समुद्रापार. मेहेरगानच्या दिवशी डफवाले बंद दारापुढंही थांबतात. तिथं आरसा दाखवायला कुणी नसतं, ओंजळीत गुलाबपाणी घालायला कुणी नसतं, बदाम-खारकांचं ताट पुढं करायलाही नसतं. तरी डफ थांबतो, त्या घरातून गेलेल्यांची नावं पुकारली जातात, सगळे एका सुरात "देव क्षमा करो" म्हणतात आणि मगच पुढं जातात. कुठल्या बंद दारामागं कोण कोण मेलं हे गावात दोनच डोक्यांत होतं. तीरंदाजचं डोकं घशाच्या मागोमाग चाललं होतं. राहिलं खुरमनचं.

दोन दिवस ती अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली बसून बदाम फोडत होती आणि सांगत होती, आणि नामदार लिहीत होता.

"शीरमर्द," ती म्हणाली. "पुढं लिही, कंजूष."

"मावशी, असं नाही लिहायचं."

"मग काय डोंबल लिहितोस? मास्तर म्हणे."

असं करत करत ती आपल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरापाशी आली. ते तिच्या धाकट्या दिराचं घर. सदतीस वर्षांपासून कुलूप.

"बेहमर्द," ती म्हणाली. "आणि त्याचा पाळण्यातला मुलगा, सोरूश. झालं. पुढचं घर घे."

नामदारची लेखणी थांबली. "आणि गौहरबानू? त्यांना जाऊन तीन वर्षं झाली ना?"

"ती तेहरानला गेली."

"बेहमर्दही तेहरानलाच गेले होते, मावशी."

खुरमननं एक बदाम दगडावर ठेवला आणि असा फोडला की आतल्या बीचाही चुरा झाला. "पुढचं घर घे म्हटलं ना."

नामदारनं घेतलं. दोघी जावांचं पटत नव्हतं हे त्याच्या आईनंही त्याला सांगितलं होतं. सगळ्या गावाला तेच वाटे, की खुरमननं ती जुनी गोष्ट अजून माफ केलेली नाही, बाई कडक आहे, विटाळाच्या बाबतीत तर सासूच्याही वर. खुरमननं त्यांना तसं वाटू दिलं होतं. खरं त्याहून वाईट होतं.

नामदारनं त्या घराच्या नावांखाली एक रेघ मारली. खुरमनला वाचता येत नसलं तरी रेघ कळत होती. गेली तीन वर्षं ती तीरंदाजच्या कानात नावं सांगे, तेव्हा गौहर गाळली तरी मनात म्हणता येई की पुढच्या साली सांगू. आता ते कागदावर गेलं. आपण मेल्यावरही हा मास्तर तेच वाचणार, त्याच्यामागून दुसरा कुणी तेच वाचणार, आणि गौहर त्या घरात कधी नांदलीच नव्हती असं होऊन बसणार.

बावन्न वर्षांपूर्वी दोघी नव्या सुना होत्या. खुरमन थोरली, गौहर धाकटी. थोरल्या सुनेनं मेहेरगानच्या दिवशी दारात आरसा धरायचा, येणाऱ्या प्रत्येकाला त्यात तोंड दाखवायचं आणि ओंजळीत गुलाबपाणी घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. सासू सुलतान, तिनं त्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं की आपले हात थरथरतात, आता खुरमन धरेल. खुरमन वर्षभर त्या दिवसाची वाट बघत होती. हिरवी रेशमी विजार शिवली होती, ओढणीवर पक्षी भरले होते. बापाच्या घरी ती सहा बहिणींतली चौथी; तिच्याकडं कुणी मान वळवून बघितलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मेंढी तंदूरमध्ये सोडून झाकण मातीनं लिंपायचं काम तिच्याकडं होतं. माती कालवता कालवता तिला कळलं की ती बाजूला बसायची झाली. चार दिवस आधीच. आता खरं तर हात झाडून उठायचं, सासूला सांगायचं आणि मागच्या कोठडीत जाऊन बसायचं. विस्तवाजवळ त्या अवस्थेत थांबणं म्हणजे पापातलं पाप. आणि कोठडीत बसलं की आरसा गेला.

ती बोलली नाही. विस्तवाची भीती वाटत होती म्हणून तिनं घाई केली, पाणी जास्त पडलं, माती पातळ झाली. तिनं कशीबशी झाकणाभोवती फासली आणि दूर झाली.

सकाळी उघडलं तर मातीला बोटभर फट, आणि आत मेंढीचा कोळसा. अग्यारीत न्यायला मांडीएवढाही तुकडा नाही. असं त्या घरात कधी झालं नव्हतं. सासूनं माती बघितली नाही. ती दोघी सुनांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, विस्तवाजवळ विटाळ कुणी आणला.

गौहर दोन दिवसांपूर्वीच कोठडीतून न्हाऊन बाहेर आली होती. आठ दिवस पुरे करायची रीत. बायकांनी बोटांवर दिवस मोजले. एक म्हणाली आठ, एक म्हणाली सात. सातच धरले गेले. पोर लवकर बाहेर आली, आरशाच्या सणाला मिरवायचं होतं तिला, असं ठरलं. गौहर अठरा वर्षांची. ती नाही नाही म्हणाली, मग रडली, मग तिनं मान वळवून एकदा खुरमनकडं बघितलं.

खुरमन आपल्या पायांकडं बघत होती. पायांत नवे जोडे होते.

दुपारी तिनं दारात आरसा धरला. सगळे म्हणाले, थोरली सून शोभली.

गौहरला त्या दिवसापासून ना आरसा धरू दिला, ना तंदूरजवळ येऊ दिलं. पंधरा मेहेरगान ती आपल्याच दारात मागं उभी राहिली. मग बेहमर्दनं तेहरानात नोकरी धरली, दाराला कुलूप लावलं आणि तिला घेऊन गेला. गौहरला खरं ठाऊक होतं की नव्हतं, हे खुरमनला कधी कळलं नाही. दोघींची कोठडी एकच, धुण्याचं पाणी एकच. ठाऊक असावं. पण ठाऊक असतं तर ती बोलली कशी नाही? हा दाणा खुरमन बावन्न वर्षं दाताखाली धरून होती. तो फुटत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता.

मेहेरगानच्या आदल्या दिवशी दिराच्या घराचं कुलूप उघडल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. खुरमननं हातातलं ताट खाली ठेवलं.

गौहरची मुलगी फरंगीस आली होती. पन्नाशीची, तेहरानच्या कुठल्याशा इस्पितळात परिचारिका. केस आखूड, चालणं भराभर. तिनं अंगण झाडलं, दारापुढं पाणी शिंपलं आणि मग खुरमनकडं येऊन तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. नामदारनंच तिला फोन करून सांगितलं होतं की यंदा नावं वहीत उतरवली आहेत. खुरमननं मनातल्या मनात मास्तरला चार शिव्या घातल्या.

तोंडानं मात्र ती म्हणाली, "बरी आठवण झाली गावाची. आम्हाला वाटलं, तेहरानात मेहेरगान मोबाईलवरच करतात."

"करतात ना, काकू. फोटोतला आरसा, फोटोतलं डाळिंब. खाऊन पोट भरत नाही तेवढंच," फरंगीस हसून म्हणाली. मग तिनं पिशवीतून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. हातभर लांबीचा आरसा, चांदीची चौकट, कडेला एक टवका उडालेला. सोबत गुलाबपाण्याची लांब मानेची सुरई. "आईचा. लग्नातला. दर मेहेरगानला पुसून ठेवायची. पुसायची आणि परत गुंडाळायची."

खुरमननं आरशाला हात लावला नाही.

"काकू, एक काम होतं. उद्या आमच्या दारात हा तू धर."

"मी का? घर तुझं, दार तुझं. तुझे हात काय झिजलेत?"

"आमच्या हातांनी नको," फरंगीस म्हणाली. ती हे लाजून किंवा रागावून म्हणाली नाही. इस्पितळात पेशंटला औषधाची वेळ सांगावी तसं म्हणाली. "आईच्या हातून त्या वर्षी झालं ते मला ठाऊक आहे. मी काही असल्या गोष्टी मानत नाही. रोज रक्तात हात घालते मी. पण आई मानायची. मला म्हणायची, तू कधी धरू नकोस, आरसा तुझ्या मोठ्या काकूच्या हातातच शोभतो."

खुरमननं ते वाक्य उलटून पालटून बघितलं. त्यात टोमणा होता का? की भोळी बिचारी गौहर तेच खरं मानून मेली, आपण खरंच दिवस चुकवले असं? टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

"धरते," ती म्हणाली.

संध्याकाळी मेंढी तंदूरमध्ये सोडली. शहाहत्तराव्या वर्षीही लिंपायचं काम तिनं कुणाला दिलं नव्हतं. माती ती दर वर्षी इतकी दाट कालवे की मनगटं दुखत. बायका म्हणत, खुरमनबानूसारखं लिंपण गावात कुणाचं नाही. तिनं मान वर केली तेव्हा फरंगीस भिंतीपाशी, दहा पावलं लांब उभी होती.

"इकडं ये की. बघून ठेव. मी काय जन्माला पुरणार आहे?"

"इथूनच बघते, काकू. आई म्हणायची, तंदूरपासून लांब राहा. सवय झाली."

खुरमननं मातीचा गोळा फटीवर दाबला. तिथं फट नव्हती. तरी दाबत राहिली.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा मेंढी तांबूस, भरल्या वासाची निघाली. फडक्यात गुंडाळून ती अग्यारीकडं रवाना झाली. ऊन चढल्यावर मिरवणूक गावाच्या वरच्या टोकापासून निघाली. तीन डफ, एक सनई, पाठीवर झोळ्या बांधलेले दोन गडी, आणि मागं यज्द-तेहरानहून आलेली चाळीसेक माणसं. नामदार वही उघडून पुढं. तीरंदाज बायकोच्या, मुरवारीदच्या, खांद्यावर हात टाकून चालला होता आणि मास्तरनं एखादं नाव चुकवलं की नुसते ओठ हलवत होता.

खुरमनच्या दारापाशी आले. तिनं घरचा आरसा धरला, ओंजळी भरल्या, बदाम-खारका झोळीत ओतल्या. नामदारनं सासऱ्याचं नाव घेतलं, सुलतानचं घेतलं, तिच्या नवऱ्याचं, खुदारहमचं घेतलं. प्रत्येक नावाला सगळे म्हणाले, देव क्षमा करो. मेलेले झाले की घरातल्या जित्यांची नावं घेऊन शाबाश म्हणायचं, ही रीत. नामदार ओरडला, "खुरमनबानू, जिनं हा सण जिवंत ठेवला!" आणि लोक एवढ्या जोरानं शाबाश म्हणाले की भिंतीवरची कबुतरं उडाली. दर वर्षी या शाबाशीवर ती सहा महिने जगे. यंदा कुणीतरी भर चौकात ओढणी खेचावी तशी ती तिला लागली.

दहा पावलांवर दिराचं दार. ती आधी जाऊन उभी राहिली. फरंगीसनं चांदीच्या चौकटीचा आरसा तिच्या हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागं सरकली. गौहर उभी राहायची तिथंच, उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला. लहानपणी बघितलेली ती जागा पोरगी विसरली नव्हती.

डफ थांबले.

"बेहमर्द," नामदारनं पुकारलं.

"देव क्षमा करो."

"त्यांचा मुलगा, सोरूश."

"देव क्षमा करो."

नामदारनं क्षणभर मावशीकडं बघितलं. मग वही मिटली. खुरमननं मागं वळून बघितलं. फरंगीसनं मान खाली घातली होती, जणू असंच व्हायचं होतं, एवढ्यासाठीच ती दोनशे कोस आली होती. डफवाल्यानं हात उचलला.

"थांब," खुरमन म्हणाली. "एक राहिलं. गौहर. बेहमर्दची बायको."

लोक एकदम म्हणाले, "देव क्षमा करो." मुरवारीदनं तर डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली की बघ, शेवटी माफ केलं हो थोरलीनं, मन मोठं करावं तर असं. चारदोन जणींनी माना डोलावल्या. कुणीतरी शाबाश म्हणायला तोंड उघडलं.

तिथंच थांबता आलं असतं. नाव पुकारलं गेलं, वहीत गेलं असतं, आणि वर खुरमनला मोठेपणा मिळाला असता. बावन्न वर्षं गौहरच्या नावावर खाल्लं, आता तिच्या मरणावरही खायचं.

"मन मोठं नाही," ती म्हणाली. "ऐका नीट. तिला कसली माफी? त्या वर्षी तंदूर मी लिंपला. बाजूला बसायची मी होते. गौहर नव्हती. मला दारात आरसा धरून मिरवायचं होतं म्हणून मी लपवलं. घाईत माती पातळ झाली, मेंढी जळली, आणि सासूनं हिच्या आईला धरलं तेव्हा मी माझे नवे जोडे बघत उभी राहिले. तिचे दिवस पुरे भरले होते. आठ. मी मोजले होते."

सनईवाल्यानं सनई काखेत घातली. तेहरानहून आलेल्या पोरी एकमेकींकडं बघत होत्या. एवढ्याशा गोष्टीचं काय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. म्हाताऱ्यांच्या तोंडावर मात्र तसं नव्हतं. तीरंदाजचे ओठ हलले. मुरवारीदनं कान लावला आणि डोळ्यांचा पदर काढला.

"हा म्हणतो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता मघासारखा ओला नव्हता, "माती पातळ होती हे ह्यानं त्याच सकाळी बघितलं होतं. बघितलंस तर मग कुणाला सांगितलंस, मेल्या?" तिनं नवऱ्याचा हात खांद्यावरून झटकला. मग खुरमनला म्हणाली, "आणि तू. माझ्या सुनेला गेल्या साली अर्ध्या गावासमोर अंगणातून बाहेर काढलंस, दिवस मोजून. तोंड तरी कसं झालं तुझं?"

"तसंच झालं," खुरमन म्हणाली.

तिनं आरसा फरंगीसपुढं केला. फरंगीसनं लगेच घेतला नाही. ती उंबऱ्याच्या आत उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई शेवटच्या दिवसांत पण विचारायची मला," ती हळू म्हणाली. "फरंगीस, आठ होते की सात. पोरी, तू शिकलेली आहेस, मोज ना एकदा."

म्हणजे गौहरला ठाऊक नव्हतं. खुरमनला तिचं उत्तर मिळालं. तिनं ज्याला टोमणा समजायची आशा धरली होती तो टोमणा नव्हता.

फरंगीसनं आरसा घेतला. उंबरा ओलांडून बाहेर आली, दारात मधोमध उभी राहिली. मग एकेकापुढं आरसा धरत गेली, डाव्या हातानं सुरई तिरकी करून ओंजळीत गुलाबपाणी घालत गेली. नामदारपुढं, मुरवारीदपुढं, डफवाल्यांपुढं, तेहरानच्या पोरींपुढं. हात सराईत होते. परिचारिकेचे हात, एक थेंब बाहेर सांडला नाही.

खुरमन रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली होती. तिनं ओंजळ पुढं केली.

फरंगीस तिच्यापुढं थांबली. आरसा तिनं उलटा करून आपल्या छातीशी धरला.

"आज नको, काकू," ती म्हणाली. "आज मला नाही जमणार. पुढच्या मेहेरगानला बघू."

"बघ," खुरमन म्हणाली आणि कोरडी ओंजळ खाली घेतली.

नामदार भिंतीला वही टेकवून लिहीत होता. ती त्याच्याजवळ गेली. रेघेखाली त्यानं एक ओळ वाढवली होती. तिनं बोट ठेवून विचारलं, हे का? तो हो म्हणाला. शाई बोटाला लागली.

"आता हे पुसू नकोस. आणि मोठ्यानं वाचत जा. मघाशी तुझा आवाज पडला होता," ती म्हणाली.

डफ सुरू झाले. पुढचं दार बंद होतं, त्याच्या पुढचंही. लोक चालू लागले, आणि दर वर्षी तिच्या आजूबाजूला घोळका असे तिथं आज दोन हात जागा मोकळी राहिली. सगळ्यांच्या हातांना गुलाबाचा वास येत होता. बंद दारापुढं नामदार थांबला, त्यानं वही उघडली, आणि एका नावाला अडखळून मागं बघितलं.

"कैखुसरो," खुरमन मागूनच म्हणाली. "आणि त्याची बायको. तिचं नाव आधी घे."